दूरचा पल्ला आणि घरचे ताट

पहाटेचे पाच वाजलेले असतात. बेळगावात कॅंपाच्या रस्त्यांवर धुके उतरलेले असते, बडोद्यात कमाटीबागेच्या झाडांवर पाखरे जागी होत असतात, पणजीस मिरामारच्या वाळूवर लाटा येऊन विरत असतात आणि हैदराबादेत हुसेनसागराच्या काठचे दिवे अजून मालवलेले नसतात. अशा वेळी रस्त्याने धावताना दिसणारी माणसे पूर्वी बहुधा पोलिसांत किंवा सैन्यात भरती होऊ पाहणारे तरुण असत. आता त्यांत कचेरीतील कारकून असतात, शिक्षिका असतात, डॉक्टर असतात आणि नातवंडांच्या आज्याही असतात. कोणाला २१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन पुरी करावयाची असते, तर कोणाला ४२ किलोमीटरची पूर्ण. गोव्यात तर २०१९ साली १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल चालविणे आणि २१ किलोमीटर धावणे अशी तिहेरी शर्यत प्रथम भरली, तेव्हापासून पोहणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांचीही त्यांत भर पडली आहे.

या मंडळींची तयारी मोठी कसोशीची असते. बूट कोणते घ्यावे याची चौकशी होते, मनगटावर नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ येते, औषधांच्या दुकानातून पुडीचा महागडा डबाही येतो. मात्र ज्या स्वयंपाकघरातून दोन्ही वेळचे ताट वाढून येते, त्याच्याकडे फारसे कोणी वळत नाही. वस्तुतः दूरच्या पल्ल्याची निम्मी तयारी रस्त्यावर होते आणि निम्मी चुलीपाशी होते. त्या त्या ऋतूत मंडईत जे ताजे व स्वस्त येते त्यातून ही तयारी उत्तम साधते. त्यासाठी किती खावे आणि केव्हा खावे, या दोन गोष्टींचे ज्ञान मात्र हवे. ते नसले की होणारे नुकसान केवळ शर्यतीपुरते राहत नाही, ते हाडांपर्यंत आणि रक्तापर्यंत जाऊन पोहोचते.

लांब पल्ल्याचे धावणे आपल्याकडे नवे नाही. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस भारताचा पहिला संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते. त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ऑलिंपिकच्या इतिहासात इतकी लांब मॅरेथॉन दुसरी झालेली नाही. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून १९वा क्रमांक मिळविला. पुढे १९७८ साली शिवनाथ सिंग यांनी जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन धावून दाखविली. साताऱ्याच्या दुष्काळी माण भागातून आलेल्या ललिता बाबर यांनी २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. आपल्या मातीतल्या माणसांना दूरचा पल्ला अवघड नाही, हे यावरून सहज दिसून येते.

आता धावणाऱ्या शरीराला जळण कोठून मिळते ते पाहू. भाकरी, भात, रताळे, गूळ यांतील पिष्टमय व शर्करायुक्त भाग पचून त्याची साखर होते. त्यातील काही भाग ग्लायकोजेन या रूपाने स्नायूंत आणि यकृतात साठविला जातो. हा साठा साधारणपणे ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्यापासून सुमारे २००० उष्मांक मिळू शकतात. ६० किलो वजनाच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉन धावण्यास सुमारे २५०० उष्मांक लागतात. अंगावरच्या चरबीचा साठा याहून कितीतरी मोठा असतो. परंतु ओली लाकडे जशी धुमसत जळतात तशी चरबी सावकाश जळते आणि वेगाने धावणाऱ्याला तेवढे पुरत नाही. म्हणूनच ३० किलोमीटरच्या सुमारास पुष्कळांचे पाय एकाएकी शिशासारखे जड होतात, डोके बधिर होते, समोरचा रस्ता संपेनासा वाटतो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानी हळूहळू आली. १९२४ साली अमेरिकेतील बॉस्टनच्या मॅरेथॉननंतर काही डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त तपासले. थकून गळून गेलेल्यांच्या रक्तातील साखर फार खाली गेलेली आढळली. पुढल्या वर्षी काही धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय अन्न अधिक देण्यात आले आणि शर्यतीत मध्येच साखरेच्या गोळ्या चघळण्यास दिल्या, तेव्हा त्यांची स्थिती पुष्कळच सुधारली. १९६६ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोघा संशोधकांनी तर स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलीच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायानेच ती चालविली आणि दमलेल्या पायातील ग्लायकोजेन पुरते रिते केले. त्यानंतर तीन दिवस पिष्टमय आहार घेऊन त्यांनी सुईने स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. विसावलेल्या पायाच्या मानाने राबलेल्या पायात जवळजवळ दुप्पट ग्लायकोजेन साठले होते! राबलेला स्नायू भुकेला असतो आणि त्या भुकेच्या वेळी योग्य अन्न मिळाले तर तो आपली कोठी वाढवून घेतो, असा या प्रयोगाचा सरळ अर्थ आहे.

हा अर्थ ध्यानी घेतला तर आजकालच्या एका मोठ्या गैरसमजाचे निरसन होते. भात, भाकरी, बटाटा हे जणू शत्रू आहेत, असे मानण्याची रीत पडली आहे. बैठे काम करणाऱ्याने हात आखडता घ्यावा हे ठीकच. परंतु रोज तासभर धावणाऱ्याने तेच व्रत धरले तर तो स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. क्रीडाआहाराच्या तज्ज्ञांचे सर्वमान्य प्रमाण असे आहे की, रोज तासभर बेताचा व्यायाम करणाऱ्याने वजनाच्या दर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम पिष्टमय अंश पोटात घालावा आणि एक ते तीन तास कसून व्यायाम करणाऱ्याने ६ ते १० ग्रॅम. ६० किलोच्या माणसास तासाभराच्या सरावासाठी दिवसाला निदान ३०० ग्रॅम अंश हवा.

हा हिशेब घरच्या मापात कसा बसतो? दिवसभरात भाकरी, पोळी व भात मिळून ३०० ग्रॅम कोरडे धान्य पोटात गेले तर त्यातून सुमारे २१० ग्रॅम अंश मिळतो. दोन केळ्यांतून आणखी ४५, उकडलेल्या दीडशे ग्रॅम रताळ्यातून ३०, दोन सुपाऱ्यांएवढ्या गुळाच्या खड्यांतून वीसेक आणि दोन पेले दुधातून तितकाच. बेरीज ३२५च्या घरात जाते. या यादीत परदेशी नावाचा एकही पदार्थ नाही, आणि वाणी, दूधवाला व भाजीवाली या तिघांपलीकडे कोणाकडे जावेही लागत नाही.

किती खावे याबरोबर केव्हा खावे हेही तितकेच महत्त्वाचे. लांब धावण्यापूर्वीच्या न्याहारीत चोथा आणि स्निग्धता कमी असावी, म्हणजे अन्न जठरातून लवकर पुढे सरकते. पोहे, रव्याचा सांजा, मऊ भात, साखर घातलेली दुधातील लापशी यांपैकी काही दीड-दोन तास आधी घ्यावे. इंदुरी पोह्यांची कीर्ती मोठी असली तरी त्यांवरची शेव आणि जिलबीची जोड धावून आल्यानंतरसाठी ठेवावी. मटकीची उसळ, मेथीची भाजी, बाजरीची भाकरी हे गुणी पदार्थ खरे, पण धावण्याच्या तोंडावर खाल्ले तर वाटेतच पोट कुरकुरू लागते. धावणे तासाहून अधिक चालावयाचे असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम शर्करायुक्त अंश घेत राहावे. ४० ग्रॅम बिनबियांच्या खजुरात तो ३० ग्रॅम असतो. पिकलेले केळे, गुळाचे खडे, मीठ लावलेले उकडलेल्या बटाट्याचे तुकडे हेही चालतात. परत आल्यावर तासाभराच्या आत भात-वरण, दूध-केळे, दही-पोहे असे काही पोटात गेले म्हणजे भुकेलेल्या स्नायूंची कोठी लवकर भरते. दुसऱ्याच दिवशी पुन्हा धावावयाचे असल्यास यात चालढकल करू नये.

आता ऋतूंकडे वळू. हिवाळा हा धावणाऱ्यांचा मुख्य हंगाम आणि मंडईचाही वैभवकाळ. ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आरावर भाजून हुरडा होतो, ओला हरभरा आणि मटार येतात, गाजरे, मुळे, पालक, मेथी यांचे ढीग लागतात. बेळगावच्या परिसरात रताळ्याचे पीक मोठे. पावसाळा सरता सरता निघू लागलेली ही रताळी धावणाऱ्याची खरी मित्र होत. उकडून सोलून ठेवली की धावण्याआधीही चालतात आणि नंतरही. इंदुरास थंडीत गराडू नावाचा कंद तळून, मसाला भुरभुरून खातात. तोच कंद उकडून नुसता परतला तर पिष्ट तेवढेच मिळते आणि तेलाचे ओझे टळते. बडोद्यास उंधियोत कंद, रताळी, पापडी, वांगी असा सारा हिवाळाच एका भांड्यात येतो. तेल बेताने घातले तर लांब धावून आलेल्या रविवारचे ते उत्तम जेवण होय, मात्र शर्यतीच्या आदल्या रात्रीचे नव्हे. ग्वाल्हेरची गजक आणि सर्वत्रचा तिळगूळ यांत तिळाच्या रूपाने चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असतो आणि गुळाच्या रूपाने चटकन मिळणारे जळण. संक्रांतीनंतर उरलेल्या तिळाच्या वड्या धावणाऱ्याच्या खिशात गेल्या तर त्यांचे सार्थकच होते.

उन्हाळा आला की प्रश्न पालटतो. भूक मंदावते आणि घाम वाढतो. ग्वाल्हेरीस आणि हैदराबादेस वैशाखातले ऊन अंगाची काहिली करते. उन्हात धावण्याची सवय शरीरास लागावयाला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर वेग उतरवावा आणि पहाट गाठावी. या ऋतूचे शहाणपण आपल्या पेयांत साठलेले आहे. कैरीच्या पन्ह्यात साखर किंवा गूळ असतो, मीठ असते आणि आंबटपणाने ते घशाखाली सहज उतरते. ताकात पाणी, मीठ आणि थोडी प्रथिनेही असतात. नाचणीच्या आंबिलीत पिष्ट आणि चुना एकदम मिळतात, कारण १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सातूचे पीठ दुधागुळात कालविले की न रांधता न्याहारी तयार होते. गोव्यातील पेज तर या दृष्टीने आदर्शच म्हणावी. उकड्या तांदळाची मऊ पेज, तिच्यातले निवळ पाणी, चवीस मीठ आणि सोबत लोणच्याची फोड. पाणी, क्षार आणि पिष्ट ही तिन्ही एका वाडग्यात हजर. शेतात राबणाऱ्याने ती पिढ्यान्पिढ्या ज्या कारणासाठी प्यायली, त्याच कारणासाठी धावून आलेल्याने प्यावी. सोलकढी, कलिंगड, काकडी, जांभूळ ही मंडळीही या दिवसांत साह्य करतात. आंब्याच्या दिवसांत आमरस आणि पोळी हे धावणाऱ्यास वर्ज्य तर नाहीच, उलट लांब सरावानंतर त्याहून गोड औषध दुसरे नाही.

पावसाळ्यात धावणे थांबत नाही. हैदराबादेची मॅरेथॉन ऑगस्टात असते आणि साताऱ्याची डोंगरी अर्धी मॅरेथॉन भर पावसाळ्याच्या शेवटी. या ऋतूत पोट नाजूक असते आणि पाणी गढूळ, म्हणून पिण्याचे पाणी उकळून घ्यावे आणि पालेभाजी नीट निवडून, धुऊन, शिजवूनच खावी. कोवळी मक्याची कणसे या दिवसांतले वरदान होत. इंदुरास ती किसून दुधातुपात शिजवितात, त्यास भुट्ट्याचा कीस म्हणतात. पिष्ट आणि दूध एकत्र आल्यामुळे धावून आल्यावर हा पदार्थ फार उपयोगी पडतो. हैदराबादकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाडीची आंबट भाजी असते, कोकणात टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला येतो. गोव्यात जून व जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या बांगड्याची जागा सुकी मासळी आणि अळसांद्यांची आमटी घेते आणि ताटातील प्रथिने कमी पडू देत नाही.

चातुर्मास म्हटला की उपास आलेच. उपास आणि सराव यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही. राजगिऱ्याचे लाडू, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, दही, फळे यांवर बेताचे धावणे चांगले निभते. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते हे ध्यानी ठेवून त्याला दाण्याच्या कुटाची आणि दह्याची जोड द्यावी. निर्जळी उपास मात्र विश्रांतीच्याच दिवशी करावा. कडकडीत उपास आणि पंचवीस किलोमीटरचे धावणे एकाच दिवशी जुळवू पाहणे हे ना देवाला प्रिय, ना देहाला.

प्रथिनांविषयी एक भ्रम असा आहे की ती डब्यातूनच मिळतात. लांब पल्ल्याच्या सरावात स्नायूंची झीज भरून काढण्यासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ग्रॅमपासून वर प्रथिने लागतात, आणि सरावाचा भार फार वाढला तर दोन ग्रॅमपर्यंत. ६० किलोच्या माणसास ७२ ग्रॅम म्हटले तर ३०० ग्रॅम धान्यातूनच सुमारे ३० ग्रॅम मिळून जातात. दोन पेले दूध किंवा दही यांतून पंधरा, ५० ग्रॅम डाळी-कडधान्यांतून अकरा-बारा आणि ५० ग्रॅम भाजक्या शेंगदाण्यांतून बारा-तेरा; एवढ्यावर गणित जवळजवळ पुरे होते. उरलेली उणीव दोन अंडी, मासळीचा एक तुकडा किंवा पिठल्याची एक वाटी भरून काढते. धान्यात जे प्रथिन-घटक कमी असतात ते डाळीत असतात आणि डाळीत कमी असतात ते धान्यात, म्हणून वरण-भात, भाकरी-पिठले, खिचडी-कढी ही जोडपी शास्त्राच्या कसोटीसही उतरतात. पुडी घेऊ नये असे नाही, पण ती ताटाची जागा घेऊ शकत नाही.

येथे अधिक गंभीर गोष्टीकडे येणे प्राप्त आहे. पुष्कळ तरुण मुली, आणि काही मुलगेही, हलके झाल्यास वेगाने धावता येईल या आशेने सराव वाढवितात आणि जेवण घटवितात. प्रारंभी वेळ सुधारते आणि आशा खरी वाटू लागते. पण शरीर ही उधारी विसरत नाही. खर्चापुरते अन्न मिळेनासे झाले की ते एकेक कारभार बंद करू लागते. मुलींची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होऊन पायाच्या नळीला बारीक चिरा पडतात, झोप बिघडते, सर्दीपडसे पाठ सोडीत नाही. या अवस्थेकडे लक्ष वेधून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली तिला स्वतंत्र नाव दिले आणि ती स्त्री-पुरुष दोघांतही उद्भवते असे स्पष्ट केले. पाळी थांबणे म्हणजे सराव चांगला चालल्याची खूण, असे सांगणारे लोक अजून भेटतात. ती धोक्याची घंटा आहे. अशा वेळी पहिला उपाय अन्न वाढविणे व सराव कमी करणे हा होय, आणि त्याबरोबर डॉक्टरांचा सल्ला.

रक्तातील लोहाचेही असेच. धावणाऱ्यांत आणि विशेषतः धावणाऱ्या स्त्रियांत लोहाची तूट वारंवार आढळते. जिना चढताना धाप लागते, नेहमीचा वेग जड वाटू लागतो आणि दोष आळसावर ढकलला जातो. बाजरी, राजगिरा, कडधान्ये, तीळ, पालेभाज्या यांत लोह असते, पण वनस्पतींतील लोह शरीरात सहज शिरत नाही. घरच्या जुन्या रीती येथे कामास येतात. उसळीवर लिंबू पिळले, ताटात आवळ्याची कोशिंबीर असली की त्यातील क जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते. कडधान्यांना मोड आणले, पीठ आंबविले की लोह अडवून धरणारे द्रव्य कमी होते. लोखंडी कढईत शिजविलेल्या आंबट आमटीत थोडे लोह उतरते. याउलट जेवणाबरोबर घेतलेला चहा ते अडवितो, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर असावे. एवढे करूनही थकवा सरला नाही तर रक्त तपासून घ्यावे. गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत.

पाण्याच्या बाबतीत ‘अति तेथे माती’ ही म्हण अक्षरशः खरी ठरते. तहान लागो न लागो, पाणी पीत राहावे, असा उपदेश अनेक वर्षे होत असे. २००२ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये शर्यत संपविलेल्या ४८८ जणांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतील १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेले आढळले. शर्यतीत नुसते पाणी अतोनात पिऊन वजन वाढलेल्यांत हा धोका विशेष दिसला. सोडियम फार उतरले तर मेंदूस सूज येऊन प्राणावर बेतू शकते. यास घरगुती उपाय सोपा आहे. धावण्यापूर्वी आणि धावून आल्यावर वजन करून पाहावे. एक किलो घटले तर साधारण एक लिटर घाम गेला असे समजावे आणि पुढच्या वेळी पिण्याचे मान त्यावरून ठरवावे. वजन वाढलेले दिसले तर पाणी जास्त झाले, हे निश्चित. लांबच्या सरावासाठी एक लिटर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि एक लिंबू पिळून केलेले सरबत पुरेसे होते. त्याचा घोट तहानेप्रमाणे घ्यावा.

शर्यत जवळ आली की स्वयंपाकघराचा सूर थोडा बदलावा. शेवटचे दीड-दोन दिवस सराव कमी करून भात, बटाटा, रताळे, गूळ यांचे प्रमाण वाढवावे आणि तेल, उसळी, पालेभाज्या यांचे घटवावे. या दोन दिवसांत वजन किलोभर वाढले तर घाबरू नये. ग्लायकोजेन आपल्याबरोबर पाणीही साठवीत असते. आदल्या रात्री साधी मऊ खिचडी किंवा वरण-भात लवकर जेवावा. आणि एक नियम कधीही मोडू नये: जे सरावात खाऊन पाहिलेले नाही, ते शर्यतीच्या दिवशी तोंडात घालू नये. मधुमेह, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र वर सांगितलेली प्रमाणे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

शेवटी एक प्रश्न उरतो. हे सारे रांधावयाचे कोणी? बहुतेक घरांत धावणारा एक असतो आणि चुलीपाशी उभी राहणारी दुसरी. पहाटे चारला उठून पोहे परतणारी, नऊला गरम भात वाढणारी, आणि पुष्कळदा सर्वांचे आटोपल्यावर उरलेसुरले खाणारी ती गृहिणी कोणत्याही शर्यतीच्या निकालात दिसत नाही. ती स्वतः धावत असेल तर तिचे ताट सर्वांच्या शेवटी आणि सर्वांहून रिते राहण्याचा संभव अधिक. म्हणून धावणाऱ्याने मंडईची पिशवी स्वतः उचलावी, रात्री कडधान्य भिजत घालावे, रताळी उकडून ठेवावी, आपले सरबत आपण करावे. वेगळा स्वयंपाक मांडण्याचे कारणच नाही. घरात जी भाकरी, जे वरण, जी भाजी होते तीच धावणाऱ्याने थोडी अधिक आणि योग्य वेळी खावी, एवढेच. असे झाले तर वडीलधाऱ्यांच्या हाडांना आणि मुलांच्या वाढीलाही त्याच ताटाचा लाभ होतो.

पहाटेचा धावणारा घरी परततो तेव्हा ऊन अंगणात आलेले असते. त्याच्या पायांत जे बळ असते ते कालच्या भाकरीचे असते, आणि उद्याचे बळ या क्षणी चुलीवर शिजत असते. त्या पातेल्याचे झाकण उघडून पाहण्याची आणि ताट वाढून घेण्यापूर्वी दुसऱ्याचे वाढण्याची सवय त्याला लागली, तर त्याची तयारी खऱ्या अर्थाने पुरी झाली असे समजावे.